तबकडीवरचे नाव : स्थलांतरित ज्यू वादकांच्या ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणीची धून

गेल्या वर्षी आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने जालना तालुक्यातील एका लग्नात वाजविणाऱ्या बँडचे ध्वनिमुद्रण करून आणले. मुद्रण स्वच्छ होते. पुढे क्लॅरिनेट, मागे ट्रम्पेट, युफोनियम आणि ताशे, असा नेहमीचाच मेळ. परंतु वरात मांडवाशी येऊन थांबल्यावर क्लॅरिनेटवाल्याने चित्रपटगीत सोडून दिले आणि दोन-तीन मिनिटे जे वाजविले, त्यात सनईच्या जुन्या वळणाची छाया स्पष्ट होती. हे वादन कोणाचे, असे विचारता विद्यार्थ्याने वही उघडली. वहीत गावाचे नाव होते, तारीख होती, वधूवरांच्या घराण्यांची आडनावे होती आणि वादकांविषयी ‘बँड’ हा एकच शब्द होता.

हा दोष त्या एका विद्यार्थ्याचा म्हणता येत नाही. लग्नातल्या वाजंत्र्याचे नाव विचारण्याची आपली रीतच नाही. परंतु ध्वनिमुद्रिका हे संगीताच्या इतिहासाचे साधन मानावयाचे असेल, तर ध्वनी आणि त्यासोबत लिहिलेले नाव या दोहोंचा संबंध तपासल्याशिवाय अभ्यासकास पुढे जाता यावयाचे नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका अतिपरिचित ध्वनीच्या आधारे मांडावयाचा आहे. तो ध्वनी म्हणजे ऑल इंडिया रेडिओची, म्हणजेच आकाशवाणीची, प्रारंभीची धून.

जालना गाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तेथील नभोवाणी निजाम सरकारची आणि स्वतंत्र होती. तिची केंद्रे १९५० साली ऑल इंडिया रेडिओकडे आली. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मानाने ही धून या भागात थोडी उशिरा रुळली असावी. तथापि त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांच्या पहाटा तिनेच सुरू झाल्या. तंबोऱ्याचा अखंड स्वर, त्यावर व्हायोलिनची एक छोटी, वर चढून पुन्हा खाली येणारी आकृती, आणि तीच आकृती पुनःपुन्हा. तिचे स्वर शिवरंजनीचे आहेत, असे कोणीही जाणता सांगेल : षड्ज, ऋषभ, कोमल गांधार, पंचम आणि धैवत. ही धून कोणी बांधली, असे वर्गात विचारले असता बहुतेक विद्यार्थी गप्प राहिले. एकाने पंडित रविशंकरांचे नाव घेतले.

आज अभ्यासक सामान्यतः जे नाव देतात, ते मात्र वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. ते नाव वाल्टर काउफमान यांचे.

काउफमान यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाड येथे, जर्मनभाषक ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनच्या संगीत विद्यालयात त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले, तसेच कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्राचे अध्ययन केले. वाद्यांच्या वर्गीकरणामुळे झाक्स यांचे नाव आपल्याही अभ्यासक्रमात येते, हे वाचकांस स्मरत असेलच. पुढे प्राग येथे डॉक्टरेटसाठी त्यांनी प्रबंध सिद्ध केला. पण आपले परीक्षक प्राध्यापक गुस्टाव बेकिंग हे नाझी युवक संघटनेशी निगडित आहेत असे कळल्यावर त्यांनी ती पदवीच नाकारली. पदवीसाठी धडपडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीकडे थोडे थांबून पाहावे. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये काउफमान मुंबईच्या बंदरात उतरले. भारतच का निवडला, याचे त्यांनी नंतर दिलेले कारण अगदी साधे आहे : येथे येण्याचा परवाना सहज मिळत होता.

त्यांच्या आठवणीतील दुसरी एक गोष्ट आपल्या विषयास अधिक लागू आहे. भारतीय संगीताशी त्यांचा पहिला परिचय प्रत्यक्ष मैफलीत झाला नाही. तो तबकडीतून झाला. ते संगीत त्यांना सर्वस्वी परके आणि अगम्य वाटले. परंतु जे संगीत लक्षावधी माणसांना प्रिय आहे, ते निरर्थक असणे शक्य नाही. तेव्हा उणेपणा आपल्या कानात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि शिकावयास बसले. भारतीय संगीतावर चार ओळी लिहून मोकळे झालेले युरोपीय प्रवासी आपल्याला पुष्कळ ठाऊक आहेत. त्या मालिकेत काउफमान यांना बसविता येत नाही, याचे कारण हेच.

मुंबईत आल्याबरोबर त्यांनी त्याच वर्षी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. मोजक्या वाद्यांच्या युरोपीय संगीताच्या बैठका ही संस्था भरवीत असे. मे १९३७ पर्यंत अशा १३६ बैठका झाल्या. काउफमान पियानोवर असत आणि व्हायोलिनवर बहुधा मेहली मेहता, म्हणजे प्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांचे वडील. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही काउफमान यांनी संगीताचे काम केले. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. ‘अनसूया’ ही त्यांची नभोवाणीसाठी लिहिलेली संगीतिका १९३८ साली तेथूनच प्रक्षेपित झाली. गोंड आणि बैगा लोकांच्या गीतांवर त्यांनी १९४१ साली लिहिलेला लेख आजही वाचण्याजोगा आहे. १९४६ मध्ये ते भारत सोडून इंग्लंडला आणि तेथून कॅनडात गेले, विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापन करू लागले. ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ हा त्यांचा १९६८ चा ग्रंथ मुंबईतील बारा वर्षांच्या श्रवणाचेच फळ होय. ते १९८४ साली निवर्तले. त्यांची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची, हे विषयाला सोडून असले तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता धुनीकडे वळू. तिचा काळ सामान्यतः १९३६ चा सांगतात. त्याच वर्षी जून महिन्यात ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या खात्याचे नाव ऑल इंडिया रेडिओ असे झाले. व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजविले, असेही परंपरा सांगते. परंतु निरनिराळ्या लेखकांनी याच धुनीचे कर्तृत्व ठाकूर बलवंतसिंग, विष्णुदास शिराळी आणि रविशंकर यांच्याकडेही दिले आहे. यांपैकी रविशंकरांचा पक्ष काळाच्या कसोटीवर टिकत नाही. १९३६ साली ते अवघे सोळा वर्षांचे होते आणि वडीलबंधू उदयशंकर यांच्या नृत्यमंडळीत होते. काउफमान यांच्याविरुद्धही एक आक्षेप घेता येतो : त्यांची नेमणूक १९३७ ची, मग धून १९३६ ची कशी? पण ते १९३४ पासून मुंबईत होते आणि मुंबईच्या युरोपीय संगीताच्या वर्तुळात पूर्ण परिचित होते. नोकरीपूर्वी कामे सांगितली जात नाहीत, असा काही नियम नाही. किंबहुना अशा कामांतूनच नोकऱ्या मिळतात.

धुनीच्या घडणीतला पुरावा मला अधिक बोलका वाटतो. शिवरंजनीच्या अंगाने वाजविणारा भारतीय वादक कोमल गांधारावर रेंगाळला असता, मींडेने पंचमास मिळाला असता आणि दुसऱ्या आवर्तनात पहिल्यापेक्षा काही निराळे केले असते. येथे तसे काही होत नाही. आकृती एकदा ठरली ती ठरली. ती शिक्क्यासारखी पुन्हा उमटते. व्हायोलिनचा नाद युरोपीय शिस्तीचा आहे. तंबोरा मात्र खराखुरा तंबोरा आहे, आणि ती आकृती त्याच्या स्वरावर तोलून धरली आहे. म्हणजे रचनाकाराला रागाचे स्वर कळले होते, षड्जाची सत्ता कळली होती, पण रागाचा विस्तार त्याने जाणूनबुजून दूर ठेवला होता. प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वी श्रोत्याला यंत्राची खुंटी फिरवून केंद्र नेमके पकडता यावे, हा या धुनीचा व्यवहारी उपयोग. त्यासाठी न बदलणारी आकृतीच हवी. हा पुरावा एकट्या काउफमान यांचे नाव सिद्ध करतो, असे मी म्हणत नाही. परंतु कान कोणत्या शाळेत घडला होता, हे तो सांगतो.

हा वाद मुळात उत्पन्न का झाला? धून बाजारात विकावयाची नव्हती, म्हणून तिला तबकडीचे लेबल नव्हते. आणि लेबल नव्हते, म्हणून नाव नव्हते. आपल्याकडच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांच्या अखेरीस गायिका इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारते, ते अनेकांनी ऐकले असेल. तो नखरा समजण्याचे कारण नाही. मेणावरची मूळ मुद्रणे छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हर येथे जात. तेथील कामगारांस भाषा कळत नसे. कोणत्या तबकडीवर कोणाचे लेबल लावावयाचे, ते कळावे म्हणून नाव ध्वनीतच गोवून ठेवलेले असे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाल्यावर ही गरज हळूहळू संपली. व्यापाराने का होईना, गायकाचे नाव त्याच्या आवाजाला जखडून ठेवले.

परंतु लेबल आहे म्हणून ते खरे बोलते, असे मानणेही धोक्याचे आहे. हे समजून घेण्यासाठी काउफमान यांच्याच काळातील, पण सर्वस्वी निराळ्या ज्यू संगीताकडे पाहावे लागते. ते संगीत म्हणजे क्लेझमर. हिब्रूतील ‘कले झेमेर’ म्हणजे गाण्याची साधने, वाद्ये. त्यावरून यिडिश भाषेत हा शब्द प्रथम वाजविणाऱ्यास आणि अगदी अलीकडे त्याच्या संगीतास लागला. पोलंड, युक्रेन, रुमानिया या प्रदेशांतील ज्यू वस्त्यांत लग्न लावावयाचे ते या वादकांच्या मेळाने. विद्या बापाकडून मुलाकडे जाई, मेळ घराण्याघराण्यांचे असत, आणि लग्नाला त्यांच्यावाचून चालत नसले तरी समाजात त्यांचा मान बेताचाच असे. सनई-संबळ वाजविणारी आपल्याकडील घराणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र अपरिचित वाटू नये. ‘बादखन’ नावाचा शीघ्रकवी विधीपूर्वी वधूला उद्देशून यमके जुळवून तिला रडवी, आणि व्हायोलिन त्या रडण्याला साथ करी.

१८८१ ते १९२४ या काळात वीस लाखांहून अधिक ज्यू पूर्व युरोपातून अमेरिकेत गेले. त्यांत हे वादकही होते. कोलंबिया आणि व्हिक्टर या कंपन्यांनी निरनिराळ्या भाषकांसाठी वेगवेगळ्या तबकड्या काढण्याचा व्यवसाय आरंभिला होता. ज्यू ग्राहकांसाठी त्यांना मेळांचे प्रमुख हवे होते. रुमानियातून आलेले एब श्वार्ट्झ १९१७ पासून कोलंबियासाठी मुद्रण करू लागले. १९०५ च्या सुमारास आलेले हॅरी कँडेल फिलाडेल्फियात स्थिरावले आणि व्हिक्टरसाठी वाजवू लागले. गॅलिशियातून १९०८ मध्ये आलेले नाफ्तुले ब्रांडवाइन हे क्लॅरिनेटचे विलक्षण वादक. इतर वादकांनी बोटे चोरू नयेत म्हणून ते श्रोत्यांकडे पाठ करून वाजवीत, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडच्या उस्तादांनाही हे शोभले असते! १९२१ मध्ये युक्रेनातून आलेले डेव्ह तारास हे त्यांच्यानंतरचे. बंदरावर निर्जंतुकीकरणाच्या वाफेत त्यांचे क्लॅरिनेट निकामी झाले आणि काही काळ त्यांना केसाळ कातड्यांच्या कारखान्यात राबावे लागले, असे सांगतात. ब्रांडवाइन यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, तारास यांना येत होती. पुढील काळ वाचणाऱ्यांचा होता, हे तारास यांच्या दीर्घ कारकिर्दीवरून दिसते.

या तबकड्या ऐकून असा समज होतो की, क्लेझमर म्हणजे क्लॅरिनेटचे आणि पितळी वाद्यांचे संगीत. येथेच तबकडी अभ्यासकास फसविते. १९२५ पूर्वी मुद्रणात वीज नव्हती. वादकांना एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहावे लागे. जुन्या मेळाचा प्राण असलेले व्हायोलिन त्या कर्ण्यात क्षीण उमटे. ‘त्सिम्बल’ हे आपल्या संतूरच्या जातीचे वाद्य मागे पडे. तंतुवाद्यांचा खर्ज उमटत नसल्यामुळे ते काम पितळी ट्यूबाकडे जाई. मोठ्या ढोलाच्या ठोक्याने मुद्रणाची सुई हलण्याची भीती, म्हणून ढोलावर बंधन. क्लॅरिनेट मात्र कर्ण्याला मानवत असे. क्लॅरिनेट पुढे येण्याचे हे एकमेव कारण नव्हे. पूर्व युरोपातही ते आधीपासून वाढत होते आणि अमेरिकेतील बँडच्या अभिरुचीनेही हातभार लावला. पण यंत्राने त्या ओघाला जोर दिला, हे निश्चित. शिवाय तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे. तासन् तास चालणारी लग्नातली वादनमाला तीन मिनिटांत कापून बसवावी लागली. ख्याल तीन मिनिटांत आटोपणाऱ्या आपल्या गायकांचीही हीच अडचण होती. तेव्हा जुन्या तबकड्यांवरून ‘त्या काळी ख्याल लहान असत’ असे लिहिणाऱ्यांनी सावध असावे.

आणि लेबलाविषयी म्हणावयाचे तर, श्वार्ट्झ यांच्या मेळाची काही मुद्रणे कोलंबियाने ज्यू ग्राहकांस एका नावाने आणि रशियन वगैरे इतर स्थलांतरितांस दुसऱ्या नावाने विकली. ध्वनी तोच, लेबलावर वाद्यवृंद निराळा आणि देशही निराळा. यात कोणाला लबाडी वाटेल. मला यात एक सत्यही दिसते : युक्रेन आणि रुमानियातील ज्यू व बिगरज्यू वादक एकमेकांच्या लग्नांत वाजवीत आणि चाली एकमेकांच्या घेत, म्हणूनच ती मुद्रणे दोन्ही बाजारांत खपली. मेळप्रमुखाचे नाव तरी लेबलावर उरले. त्याच्या मागे बसलेल्या वादकांपैकी बहुतेकांचे तेही उरले नाही.

व्यापारी तबकडीहून निराळा मार्ग त्याच वेळी पूर्व युरोपात चाललेला होता. लेखक आन-स्की यांच्या नेतृत्वाखाली १९१२ ते १९१४ या काळात युक्रेनमधील गावोगाव जाऊन मेणाच्या नळ्यांवर ज्यू संगीत मुद्रित करण्यात आले. पुढे कीव्ह येथे मोइसेई बेरेगोव्स्की यांनी ते काम वाढविले, स्वरलिपी केल्या, वादकांची माहिती टिपली. १९५० मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली, १९५५ मध्ये सुटका झाली आणि १९६१ मध्ये ते वारले. त्या नळ्या नष्ट झाल्या असे समजले जात होते. कीव्हच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या सुरक्षित असल्याचे १९९० नंतर जगास कळले. अमेरिकेत मात्र १९२४ च्या कायद्याने स्थलांतराचा ओघ आटला, १९२९ च्या मंदीने तबकड्यांचा बाजार बसला, आणि १९७० नंतर तरुणांनी हे संगीत पुन्हा हाती घेतले, तेव्हा त्यांचे गुरू म्हणजे बहुतांशी त्याच तीन मिनिटांच्या तबकड्या होत्या. यंत्राची मर्यादा अशा रीतीने परंपरेचे लक्षण होऊन बसली.

काउफमान यांचा या क्लेझमर वादकांशी संबंध जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. ते लग्नातले वादक नव्हते; बर्लिन-प्रागच्या विद्यालयांतून आलेले पंडित होते. ज्यूपण आणि देशत्याग या दोनच गोष्टी समान, आणि त्यांवरून संगीत समान ठरत नाही. याचा दाखला मुंबईतच होता. काउफमान आले तेव्हा कुलाब्याच्या किनाऱ्यावरून पिढ्यान् पिढ्या आलेला, मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज तेथे नांदत होता. १८८० पासून त्या समाजात अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठीत कीर्तने होत. ओव्या, साकी, दिंडी, सर्व काही आपल्या हरिकीर्तनाच्या घाटाचे. म्हणजे एकाच शहरात एक ज्यू संगीत साकीत होते आणि दुसरे पियानोवर.

काउफमान यांच्या नावाची दखल आपल्याकडे फार उशिरा घेतली गेली. मुंबईत २०१३ साली अमृत गंगर यांचे त्यांच्यावरील पुस्तक निघाले. कॅनडातील एआरसी एन्सेंबल या संचाने त्यांच्या काही रचनांची ध्वनिमुद्रिका २०२० मध्ये काढली. दहा वर्षे ज्याने नभोवाणीची सेवा केली, त्याचे संगीत ऐकण्यासाठी टोरांटोच्या वादकांची वाट पाहावी लागली.

जालन्याच्या त्या मुद्रणाकडे परत येतो. विद्यार्थी पुन्हा गावी गेला आणि क्लॅरिनेटवाल्यास भेटला. त्याचे चुलते सनई वाजवीत. मांडवाशी वाजविलेली चाल त्यांची. चित्रपटगीते येऊ लागल्यावर सनईला बोलावणी कमी झाली, तेव्हा घरातल्या तरुणाने बँडमध्ये जाऊन क्लॅरिनेट धरले. पण वरात थांबते त्या ठिकाणी चुलत्यांचे वाजवावयाचे, हा नेम त्याने ठेवला आहे. चुलत्यांच्या शेजारी बसून सूर धरणारा कोण होता, हेही त्याने सांगितले. ही सर्व नावे आता वहीत आणि मुद्रणासोबतच्या पत्रकावर आहेत. ताशेवाल्यांची नावे मात्र विचारावयाची राहिली. ते त्या दिवशी दुसऱ्या गावी वरातीला गेले होते. येत्या लग्नसराईत त्यासाठी आणखी एक खेप करावी लागेल.